शब्दाच्या टोकाचा स्वर झिजतोच का?

प्रश्न असा होता : इंग्रजी, रशियन, पोर्तुगीज अशा भाषांत शब्दाच्या शेवटच्या अक्षरातला स्वर पुसट होतो, कधी गळूनच जातो. जगातल्या सगळ्या भाषा याच वाटेने जातात का? आणि हे होतं कशामुळे?

सगळ्या जात नाहीत. काही भाषांत तर शेवटचं अक्षर शाबूत राहतं आणि त्याच्या आधीचं झिजतं. पण "ज्या त्या भाषेची रीत" म्हणून विषय संपवता येत नाही, कारण या वेगळेपणाच्या मुळाशी एक ओढाताण आहे. आघात (उच्चारातला जोर) नसतो म्हणून शेवटचं अक्षर दुबळं असतं. तेच अक्षर विरामाच्या तोंडाशी येतं म्हणून लांबतं, म्हणजे बळकटही असतं. या दोहोंपैकी कशाची सरशी होते, यावर पुढचं सगळं ठरतं.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. इथे अक्षर म्हणजे लिपीतलं चिन्ह नव्हे, स्वराभोवती बांधलेला उच्चाराचा तुकडा. आणि 'ऱ्हास' या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात : स्वरांमधले भेद कमी होणं, स्वर तोंडाच्या मध्याकडे सरकून श्वा (आपल्या 'अ'सारखा उदासीन स्वर) होणं, आणि स्वराचा घोष (स्वरतंतूंच्या कंपनाचा नाद) जाऊन तो कुजबुजल्यासारखा उरणं किंवा नाहीसा होणं. तिन्ही अनेकदा एकामागून एक घडतात, पण घडायलाच हव्यात असं नाही.

कारणाचा पहिला भाग ध्वनिशास्त्रज्ञ ब्यॉर्न लिंडब्लोम यांनी १९६३ साली स्वीडिश स्वर मोजून दाखवला. स्वराला वेळ कमी मिळाला की जीभ ठरलेल्या जागी पोचायच्या आतच पुढच्या व्यंजनाकडे वळते. सगळ्यात जास्त फटका 'आ'ला बसतो, कारण त्यासाठी जबडा खाली यावा लागतो आणि तेवढी सवड नसते. म्हणून आघात नसलेला 'आ' बहुतेक ठिकाणी 'अ'कडे सरकलेला दिसतो. आळस, निष्काळजीपणा वगैरे नैतिक कारणं शोधायची गरज नाही. हा वेळेचा हिशेब आहे.

दुसरा भाग याच्या उलट्या दिशेने जातो. वाक्याच्या किंवा वाक्यखंडाच्या अखेरीस येणारं अक्षर लांबतं. मोजमाप झालेल्या बहुतेक भाषांत हे आढळलं आहे. म्हणजे ज्या कमतरतेमुळे स्वर झिजतो, ती वेळेची कमतरता विरामाआधी नसतेच. पण तिथे दुसरीच अडचण उभी राहते : फुप्फुसातला दाब उतरलेला असतो, स्वरतंतू विलग व्हायला लागलेले असतात, आवाज बसत जातो. अक्षर लांब, पण फिकं. भाषाशास्त्रज्ञ जोनाथन बार्न्स यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शब्दान्ताचं हे दुटप्पी वागणं नीट मांडलं आहे, आणि माझ्या मते या प्रश्नाची तीच सगळ्यात उपयोगी चौकट आहे.

याचा एक व्यावहारिक परिणाम क्षेत्रकाम करणाऱ्यांना हमखास भोवतो. आपण शब्दयादी घेऊन बसतो, एकेक शब्द विचारतो, सांगणारा तो सुटा उच्चारतो. सुटा शब्द म्हणजे एका शब्दाचं वाक्य, त्यामुळे त्याचं शेवटचं अक्षर कायम विरामाआधीचंच असतं, लांबलेलं आणि ऐसपैस. वहीत सुबक पूर्ण स्वर उतरतात आणि "या भाषेत ऱ्हास नाही" असा निष्कर्ष निघतो. तोच शब्द वाक्याच्या मधोमध घालून घ्या, चित्र बदलतं. माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी सुटे शब्द ध्वनिमुद्रित करायची बंदी घालते असं नाही, पण त्यावरून शब्दान्ताविषयी काही म्हणायची बंदी नक्की घालते.

आता भाषांकडे. ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये आघात असलेल्या अक्षरात सात स्वर, आघाताच्या आधी पाच आणि शब्दाच्या शेवटी आघाताविना फक्त तीन : इ, उ आणि अ-सदृश. 'लेइते' (दूध) असं लिहितात आणि बहुतेक ठिकाणी 'लेइची' म्हणतात. पोर्तुगालमध्ये तोच शेवटचा स्वर इतका बारीक होतो की अनेकदा 'लइत' एवढंच कानी पडतं. म्हणजे पोर्तुगीजमध्ये शब्दान्त ही सगळ्यांत कमजोर जागा. हे ब्राझीलमधलं सात-पाच-तीनचं गणित इतकं देखणं आहे की वर्गात तेच आधी शिकवलं जातं आणि मग विद्यार्थी सगळीकडे तसलीच उतरंड शोधत बसतात.

रशियनमध्ये ती सापडत नाही. 'स्लोवो' (शब्द) आणि त्याचं षष्ठीचं रूप 'स्लोवा' ही दोन्ही शेवटी श्वा घेऊन एकसारखीच ऐकू येतात, इथवर पोर्तुगीजसारखंच. पण मृदू (य-कार मिसळलेल्या) व्यंजनानंतर पाहा. आघात नसला की त्या जागी 'ए' आणि 'आ' दोन्ही इ-सदृश होतात : 'प्यात्' (पाच) याचं षष्ठीचं रूप 'पिती' ऐकू येतं. असं असूनही विभक्तिप्रत्ययात हा भेद टिकतो. 'पोल्ये' (शेत) शेवटी इ-सदृश, तर त्याचं षष्ठीचं 'पोल्या' शेवटी श्वा. शब्दाच्या पोटात जे एकजीव झालं ते शब्दाच्या टोकाला वेगळं राहिलं. शिवाय वाक्याच्या अगदी अखेरीस हा रशियन श्वा स्पष्टपणे 'आ'कडे झुकतो, कारण तिथे वेळ मिळतो.

इंग्रजीत हीच गोष्ट आणखी जवळून दिसते. 'रोझाज' (रोझा या मुलीचं) आणि 'रोझेस' (गुलाब, अनेकवचन) या दोन शब्दांत दुसऱ्या अक्षरात आघात नाही, दोन्हीकडे स्वर झिजलेला. तरी अमेरिकन बोलणारे हे शब्द वेगळे उच्चारतात. एडवर्ड फ्लेमिंग आणि स्टेफनी जॉन्सन यांनी २००७ साली मोजून दाखवलं की 'रोझेस'मधला स्वर वर, इ-च्या जवळ असतो, आणि 'रोझाज'मधला खाली, खऱ्याखुऱ्या 'अ'सारखा. कारण 'रोझा' हा शब्द स्वतः त्या स्वरावर संपतो. शब्दान्ती तो स्वर मोकळा होता, प्रत्यय लागल्यावरही त्याने ती जागा सोडली नाही. म्हणून "इंग्रजीतला श्वा" असं एकवचनात बोलू नये. शब्दाच्या पोटातला श्वा शेजारच्या व्यंजनांप्रमाणे रंग बदलतो, टोकाचा बऱ्यापैकी स्थिर असतो.

मराठीत या ओढाताणीच्या दोन्ही बाजू एकाच भाषेत सापडतात.

एक बाजू बळाची. शब्दान्ती ऱ्हस्व-दीर्घ 'इ' आणि 'उ' यांचा भेद मराठी उच्चारात उरलेला नाही, आणि तो दीर्घाच्या बाजूने मिटला आहे. म्हणून 'कवि', 'गुरु' हे शब्द सुटे आले की आपण 'कवी', 'गुरू' म्हणतो, लेखनाचे नियमही तसंच लिहायला सांगतात. पण 'कविराज', 'गुरुकुल' यांत तोच स्वर टोकाला नसल्यामुळे ऱ्हस्व. उलट 'सून' दीर्घ, 'सुनेला' ऱ्हस्व. 'गरीब' दीर्घ, 'गरिबाला' ऱ्हस्व. 'माणूस'चं तर 'माणसाला' होताना 'ऊ' पार उडतो. टोकाकडची जागा स्वराला लांबवते, आत ढकलला की तो आखडतो.

दुसरी बाजू झिजण्याची, आणि ती या उत्तराच्या ओळीओळीत आहे. मी 'झालं', 'केलं', 'असं' लिहिते आहे. जुन्या मराठीत इथे सानुनासिक 'एं' होता : झालें, केलें, असें, घरें. प्रमाण लेखनाने नासिक्य काढून 'झाले', 'घरे' केलं. बोलण्यात 'ए'चाच 'अ' झाला. पण सगळे शब्दान्ती 'ए' असे झिजले नाहीत. 'घोडे', 'आंबे', 'रस्ते' या पुल्लिंगी अनेकवचनांत 'ए' कधीच सानुनासिक नव्हता, आणि प्रमाण बोलीत कुणी 'घोडं' असं त्याचं अनेकवचन करत नाही. 'मुलें' मात्र 'मुलं' झालं, 'पुढें' 'पुढं' झालं, 'त्यानें' 'त्यानं' झालं. जुना अनुस्वार आज कुणाच्या कानाला ऐकू येत नाही, पण तो कुठे होता हे या झिजेवरून अचूक सांगता येतं. यामागे ध्वनिशास्त्रीय कारणही आहे. नाकातून हवा गेली की स्वर उंच की सखल हा भेद कानाला धूसर होतो. अनेक भाषांत सानुनासिक स्वरांची संख्या शुद्ध स्वरांपेक्षा कमी असते, ती याच कारणाने. म्हणजे आघात हा झिजेचा एकमेव धनी नाही.

आणि हा नवा शब्दान्ती 'अ' जुन्या 'अ'मध्ये मिसळला का? नाही, कारण जुना 'अ' तोवर गेलेला होता. 'घर' व्यंजनान्त, 'घरं' स्वरान्त, तोही चांगला लांब. रिकाम्या झालेल्या जागेत नवा स्वर येऊन बसला.

जुना स्वर जाण्याची कहाणी दोन टप्प्यांची. संस्कृत भिक्षा, जिह्वा, माला, लज्जा यांचा शेवटचा 'आ' अपभ्रंशाच्या काळात ऱ्हस्व झाला, मग ऱ्हस्व झालेला तो 'अ' आधीच्या ऱ्हस्व 'अ'बरोबर गळाला. उरले भीक, जीभ, माळ, लाज. इथे प्रश्न पडायला हवा : मग 'घोडा'चा 'आ' कसा वाचला? कारण तो मूळचा एक स्वर नाहीच. घोटक या शब्दातला 'क' झिजला, दोन स्वर शेजारी आले, आणि त्यांच्या मिलाफातून हा 'आ' उभा राहिला. सिंधी या बाबतीत कौतुकास्पदरीत्या जुनाट आहे. तिथे 'घरु' एकवचन आणि 'घर' (शेवटचा 'अ' उच्चारून) अनेकवचन, असे बारीक शब्दान्ती स्वर अजून व्याकरणाचं काम करतात.

लांबी हे संरक्षण आहे, हा धागा जगभर सापडतो, पण त्यात शब्दाची एकूण लांबीही धरावी लागते. जुन्या इंग्रजीत नपुंसकलिंगी अनेकवचनाचा प्रत्यय 'उ'. 'स्किप' (जहाज) याचं अनेकवचन 'स्किपु', पण 'वोर्द' (शब्द) याचं अनेकवचन नुसतंच 'वोर्द'. पहिलं अक्षर हलकं (ऱ्हस्व स्वरावर संपणारं) असेल तर 'उ' टिकला, जड (दीर्घ स्वराचं किंवा व्यंजनावर संपणारं) असेल तर गळाला. एस्टोनियनमध्ये हाच हिशेब : फिनिश 'काला' (मासा) एस्टोनियनमध्येही 'काला', पण फिनिश 'याल्का' (पाय) तिथे 'याल्ग'. ऑस्ट्रेलियातल्या लार्डिल भाषेत लांब नामांचा शेवटचा स्वर प्रथमेत गळतो. 'यिलियिली'चं (एक शिंपला) 'यिलियिल' होतं. पण दोनच अक्षरं असतील तर स्वर गळत नाही, फक्त खाली उतरतो : मूळ 'ङुकु' (पाणी), प्रथमेत 'ङुका', आणि द्वितीयेत प्रत्ययाच्या आडोशाला पुन्हा 'ङुकु-न'. तिन्ही भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही, तरी शब्द फार तोकडा होऊ द्यायचा नाही ही काळजी तिघींनी घेतलेली दिसते.

शेवट झिजला की त्यावर लटकलेल्या व्याकरणाचं काय होतं? इथे मला नेपल्सची बोली सगळ्यात आवडते. तिथे आघात नसलेले शब्दान्ती स्वर बहुतेक सगळे श्वा झाले. इटालियनमध्ये 'बुओनो' (चांगला) आणि 'बुओना' (चांगली) हा लिंगभेद शेवटच्या स्वरावर. नेपल्समध्ये दोन्ही शब्द श्वावर संपतात. तरी लिंग कळतं : पुल्लिंगी 'ब्वोन', स्त्रीलिंगी 'बॉन' (दोन्हीकडे शेवटी श्वा). पुल्लिंगी रूपाचा जुना शेवटचा 'उ' मरण्याआधी त्याने आघात असलेल्या स्वराला आपला रंग लावून ठेवला होता. उत्तर युरोपातही असंच घडलं. डेन्मार्कमधल्या गालेहुस इथल्या, इसवी सन ४०० च्या सुमाराच्या सोन्याच्या शिंगावर 'ह्लेवागास्तिझ' असं नाव कोरलेलं होतं. त्यातलं 'गास्तिझ' (पाहुणा) जुन्या नॉर्समध्ये 'गेस्त्र' झालं. 'इ' गेला, पण जाताना 'आ'चा 'ए' करून गेला. इंग्रजी फुट-फीट ही जोडी त्याच खाणीतली.

जर्मनमध्ये टप्पे कागदोपत्री सापडतात. 'टाग' (दिवस) याच्या अनेकवचनात जुन्या काळी प्रथमा 'टागा', षष्ठी 'टागो', चतुर्थी 'टागुम'; मधल्या काळात 'टागे', 'टागे', 'टागेन', आणि तो 'ए' म्हणजे श्वा. जर्मन गेली सातआठशे वर्षं बव्हंशी याच पायरीवर थांबली आहे. इंग्रजी तिथे थांबली नाही. 'नामा' (नाव) याचा शेवट श्वा झाला आणि पंधराव्या शतकापर्यंत गळाला, लिहिण्यात मुका 'ई' तेवढा राहिला. आइसलँडिक तर त्याही आधीच्या पायरीवर, अ-इ-उ हे तीन शब्दान्ती स्वर धरून हजार वर्षं बसली आहे. तिन्ही भाषा एकाच कुळातल्या, तिघींचा आघात मुळात पहिल्या अक्षरावर. त्यामुळे "आघात पुढे म्हणून शेवट गळतो" हे विधान अर्धंच खरं. चेक भाषेतही आघात पहिल्या अक्षरावर, पण शब्दान्ती स्वर ठणठणीत, ऱ्हस्व-दीर्घ भेदासकट. हंगेरियनचंही आज तेच, मात्र तिचं पूर्वायुष्य वेगळं : १०५५ सालच्या तिहान्य मठाच्या सनदेत 'होदु उतु रेआ' (लष्करी वाटेवर) असे शब्द आहेत, आणि त्यातला 'उतु' आज नुसता 'ऊत'. एकदा गळती झाली, मग थांबली.

"ही भाषा आघातलयीची (आघात समान अंतराने येणारी), ती अक्षरलयीची (प्रत्येक अक्षराला सारखा वेळ देणारी), म्हणून इकडे ऱ्हास आणि तिकडे नाही" हे स्पष्टीकरण अजूनही पाठ्यपुस्तकांत दिसतं. आघातांमधलं अंतर खरोखर समान असल्याचं मोजमापात सिद्ध झालेलं नाही. उलट, ऱ्हास होतो म्हणूनच ती लय कानाला तशी भासते. कार्यकारण उलटं लावलेलं आहे. यापलीकडे त्यावर वेळ घालवू नये.

ज्यांना उलटा पुरावा हवा आहे त्यांनी वेल्श बघावी. तिच्यात आघात सहसा उपान्त्य (शेवटून दुसऱ्या) अक्षरावर असतो, आणि श्वा तिथे चालतो, शेवटच्या अक्षरात मात्र नाही! 'मनिद' (डोंगर) या शब्दात लिपीत दोन्ही स्वर एकाच चिन्हाने लिहितात. पण आघात असलेला पहिला स्वर श्वा म्हणून उच्चारला जातो आणि आघात नसलेला शेवटचा पूर्ण. 'दीन' (माणूस) एकाक्षरी आहे तोवर पूर्ण स्वर, अनेकवचनात 'दन्यॉन' झाला की श्वा. कोडं इतिहासाने सुटतं : एके काळी आघात शेवटच्या अक्षरावर होता, आधीची अक्षरं तेव्हा झिजली, नंतर आघात मागे सरकला आणि झिजलेल्या स्वरावर जाऊन बसला. आजचा आघात पाहून आजचा ऱ्हास समजावता येईलच असं नाही, हे यातून घ्यायचं.

मलय-इंडोनेशियनमध्ये तर वारशाने आलेल्या शब्दांच्या शेवटच्या अक्षरात श्वा नव्हताच, कारण तिथला जुना श्वा 'आ' झाला. 'सहा' या अर्थाचा जावानीज शब्द दोन्हीकडे श्वा ठेवून 'अनम', मलयमध्ये 'अनाम'. ऱ्हासाच्या नेमकी उलट चाल. गंमत म्हणजे त्याच मलयच्या जोहोर-रियाउ उच्चारात पुढे उघडा शब्दान्ती 'आ' श्वा झाला. 'आपा' (काय) इंडोनेशियात 'आपा'च, तिकडे 'आप' आणि शेवटी श्वा. एकाच जागेने, एकाच भाषेत, दोन काळांत दोन दिशा घेतल्या.

घोष जाण्याची वाट वेगळी आहे, तिचं मूळ विरामात. जपानी 'देसु' आपण 'देस' ऐकतो, कारण अघोष व्यंजनानंतर शेवटचा 'उ' कुजबुजीत निघून जातो. अशा ठिकाणी आधी बळी पडतात ते इ आणि उ, कारण ते मुळातच आखूड. अमेरिकेतल्या शायेन आणि ओनायडा भाषांत वाक्याच्या टोकाचे स्वर किंवा अख्खी अक्षरं अघोष होतात. अभिजात अरबीत विरामाआधी ऱ्हस्व स्वर गाळायचा नियमच आहे, 'किताबुन'चं 'किताब'. आजच्या बोलींनी विरामाचं ते रूप वाक्याच्या मध्यातही नेलं.

आणि ज्यांना वाटतं की हा सगळा आधुनिक प्रयोगशाळांचा शोध आहे, त्यांच्यासाठी : तमिळच्या तोलकाप्पियम या प्राचीन व्याकरणात शब्दान्ती 'उ' ठरावीक व्यंजनांनंतर अर्धी मात्रा घेतो असं नोंदवून त्याला 'कुट्रियलुकरम' असं नाव दिलेलं आहे. मात्रा मोजली, परिसर सांगितला, नाव दिलं. आणखी काय हवं? शेजारच्या मल्याळममध्ये तो झिजलेला स्वर पुढे अर्थभेदक झाला. 'वन्नु' पूर्ण 'उ'ने म्हणजे 'आला', आणि झिजलेल्या स्वराने म्हणजे 'येऊन'.

तुम्हाला स्वतः एखाद्या भाषेत हे तपासायचं असेल तर प्रत्येक शब्द तीन ठिकाणी घ्या : सुटा, वाक्याच्या शेवटी, आणि वाक्याच्या मध्ये, जिथे त्याच्यानंतर दुसरा शब्द लगेच येतो. प्राटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये स्वराचा कालावधी आणि पहिले दोन फॉर्मंट (स्वराची ओळख ठरवणाऱ्या अनुनादाच्या वारंवारता) मोजा. पण फॉर्मंटच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी त्या जागी घोष आहे का हे तरंगचित्रात डोळ्यांनी पाहा. अघोष स्वरावर सॉफ्टवेअर बिनदिक्कत काहीही आकडे देतं. जुन्या भाषेचा अभ्यास असेल तर प्रमाण लेखनापेक्षा लेखनिकांच्या चुका जास्त कामाच्या. रशियन लिपीने शब्दान्ती मुकं चिन्ह १९१८ च्या सुधारणेपर्यंत वागवलं, त्याचा स्वर मध्ययुगातच गेलेला होता. याउलट अकराव्या शतकातल्या इंग्रजी हस्तलिखितांत '-अन', '-ओन', '-उम' हे प्रत्यय एकमेकांच्या जागी पडलेले दिसतात. नियम पाळणाऱ्या लेखनिकाने जे लपवलं असतं, ते अशा घसरणीतून बाहेर पडतं.